लग्न नाही तर चौक नाही

पाटी बदलली म्हणून खोली बदलत नाही, हे मी मुख्याधिकाऱ्यांना त्यांच्या केबिनमध्ये उभ्यानंच सांगितलं. ते बसा म्हणाले होते. मी बसले नाही. बसलं की चहा येतो, आणि चहा प्यायला की माणसाचा आवाज खाली येतो.

पाटी बदललेली मला एसटीच्या खिडकीतून दिसली होती. अलिबागकडून येताना खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला मिठाचं जुनं गोदाम लागतं. जाड दगडी भिंती, वर कौलं, आणि हत्ती जाईल एवढं दार. माझ्या जन्माआधी तिथं मीठ भरायचे. मी चौथीत असताना नगरपरिषदेनं त्याचं कलादालन केलं, दारावर निळी पाटी लावली आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं, ‘सर्वांसाठी खुले’. आता त्या जागी सोनेरी अक्षरात ‘मंगल सभागृह’ आहे, आणि दोन्ही बाजूंना गुलाबाचे गुच्छ रंगवलेत. आमच्या खाऱ्या मातीत गुलाब कधी लागला नाही, पण पाटीवर लागला.

मुख्याधिकारी तिशीतले, बोलायला नम्र. “मॅडम, तुमच्या भावना कळतात मला. पण रविवारी दहा-बारा मुलं आणि वर्षातून एकदा तुळशीचं लग्न, एवढ्यासाठी एवढी जागा कशी अडकवून ठेवायची? काशीदला बघा, मुंबईहून लोक लग्नं करायला येतात. आपल्याकडं धड हॉल नाही.” मग म्हणाले, “आणि एक विनंती. भिंती नव्यानं रंगवल्यात. चांगला प्लास्टिक पेंट आहे. यंदा भिंतींना कृपा करून हात लावू नका.”

“म्हणजे आता तिथं लग्नं होणार?” मी विचारलं.

“हो.”

“माणसांची?”

ते हसले. “माणसांचीच.”

“मग माझी काही तक्रार नाही,” म्हटलं आणि बाहेर पडले. त्यांना वाटलं असेल, बाईला पटलं. मला काय पटलं होतं ते सांगायचं तर त्या भिंतीपासूनच सुरुवात करायला हवी.

मिठाचं गोदाम रिकामं केलं तरी मीठ जात नाही. ते दगडात शिरलेलं असतं. पावसाळ्यात त्या भिंती घामेजायच्या, आणि आश्विनातलं ऊन लागलं की अंगावर पांढरा लोणा धरायच्या. आम्ही मुलं भिंत चाटून बघायचो. दर वर्षी ती खारटच निघायची, आणि दर वर्षी आम्ही चाटायचो. आत शिरल्याबरोबर ओल्या दगडाचा, चुन्याचा आणि वटवाघळांचा मिळून एक वास यायचा. त्यात रविवारी आमच्या केसांतला सुकटीचा वास मिसळायचा, कारण निम्मी मुलं कोळीवाड्यातली आणि उरलेली आम्ही, मिठागरवाल्यांची.

रविवारचा वर्ग दत्तासर घ्यायचे. सर देशावरचे, शाळेत चित्रकला शिकवायला आलेले. दालन नगरपरिषदेनं उघडलं खरं, पण उघडल्यावर तिथं करायचं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी किल्ली मागून घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं ती त्यांच्याच खिशात राहिली. रंगाच्या पेट्या दोन आणि मुलं चाळीस. सर म्हणायचे, रंग काय फक्त पेटीत असतो का? मग आम्ही घरून गेरू आणायचो, कोळसा आणायचो, कपड्यांना घालायची नीळ आणायचो. नफीसा मेंदी आणायची. ती बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानवाल्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली. तिच्या चित्रातलं आभाळसुद्धा मेंदीच्या रंगाचं असायचं आणि सर त्याला नावं ठेवायचे नाहीत.

श्रावणात, मासेमारी बंद आणि मिठागरं पाण्याखाली असायची तेव्हा, सर ‘घरातली एक वस्तू’ नावाचं प्रदर्शन भरवायचे. गावातल्या कुणीही यावं, घरातली एक वस्तू मांडावी आणि ती कुणाची, कशाची, हे शेजारी स्वतःच्या हातानं लिहावं. फुटकं वल्हं यायचं, मीठ ओढायची लाकडी फळी यायची. एका वर्षी पाळण्याचे लाकडी पाय आले होते. नफीसाच्या अब्बांनी बंद पडलेला रेडिओ मांडला होता आणि लिहिलं होतं, ‘याच्यात शेवटी कुस्ती ऐकली’. लोक पावसात छत्र्या निथळत यायचे, एकेका वस्तूपुढं उभे राहायचे आणि आपसात हळू बोलायचे, जसं एखाद्या घरी भेटायला गेल्यावर बोलतात.

माझे बाबा पहिल्या वर्षी दारातच उभे राहिले. त्यांनी त्याच गोदामात बारा-पंधरा वर्षं पोती वाहिली होती. “हितं आमी पाठी सोलून घेतल्या,” ते सरांना म्हणाले. “आता हितं काय बगायचा?” सर त्यांना आत घेऊन गेले. बाबांनी एकही वस्तू पाहिली नाही. सरळ तिसऱ्या खांबाकडं गेले, त्याच्यावर माणसाच्या उंचीला ठोकलेला एक गंजका खिळा होता, त्यावर हात ठेवला. “माजा जेवनाचा डबा हितं टांगायचो.” सरांनी तिथल्या तिथं एक कागद घेतला, बाबांनी सांगितलं तसं लिहिलं आणि खिळ्याखाली चिकटवला. पुढं दर श्रावणात बाबा अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आपला खिळा बघायला जायचे.

आता चौकाचं.

आमच्यात लग्नघरी भिंतीवर चौक काढतात. गेरूनं सारवलेला चौकोन, त्यावर तांदळाच्या पिठाच्या रेघा. चौकोनात चौकोन, मधे बाशिंग, फणी, सूर्य, चंद्र, आणि खाडीकाठचे असलो तर एक होडी. तो काढते धवलारीण. ती काढता काढता गाते, आणि गाण्यात नवरीच्या घरातल्या माणसांची नावं एकेक करून गुंफते. आई कोण, मामा कोण, करवली कोण. आमच्या सगळ्या पाड्यांची धवलारीण माझी मावशी होती, हिरूबाय. काळी, उंच, पायांत जाड कडी, आणि आवाज असा की बांधावरून गायली तर पलीकडच्या मिठागरातले लोक फावडी टेकून ऐकायचे.

सरांना वाटलं, एवढी कला गावात आहे तर दालनाच्या भिंतीवर हवी. ते आमच्या घरी आले, मावशीपुढं बसले आणि म्हणाले, “हिरूबाई, एक चौक आमच्या भिंतीवर काढून द्या. सगळा गाव बघेल.”

मावशी म्हणाली, “कोनाचा लगीन हाय?”

“लग्न नाही. नुसतं चित्र.”

“लगीन नाय तं चौक नाय, मास्तर.”

सरांनी पुष्कळ समजावलं. मावशी ऐकेना. लग्नावाचून काढलेल्या चौकात देव बसत नाही, आणि देव बसला नाही तर तो चौक कुणाच्या नावानं गायचा? तिला सरांचा राग नव्हता आला. देशावरच्या माणसाला हे ठाऊक नसणार, एवढंच तिचं म्हणणं होतं. सर उठून गेले आणि आठवडाभरानं पुन्हा आले. या वेळी हसत होते. “लग्न ठरलं,” म्हणाले. “कार्तिकात. मुलगी कुंडीतली आहे.”

मावशी पदर तोंडाला लावून अशी हसली की आईच्या हातातलं सूप खाली पडलं. “तुलशीचा लगीन म्हंजे लगीनच,” ती म्हणाली. “येते.”

अशी दालनातली तुळशीची लग्नं सुरू झाली. दिवाळी संपली की सर मुलांना घेऊन मधल्या भिंतीवरचा लोणा काथ्याच्या ब्रशानं झाडायचे आणि चुना द्यायचे. साधा भिजवलेला चुना. त्या भिंतीवर दुसरं काही टिकत नाही, हे त्यांना गावातल्या म्हाताऱ्या गवंड्यानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. चुन्यातून भिंत श्वास घेते आणि मीठ बाहेर येतं. दुसरं काही फासलं तर मीठ त्याला मागून ढकलून देतं. जुना चौक चुन्याखाली जायचा. नव्या चुन्यावर मावशी शिंदीच्या काडीचं टोक दातांनी चावून त्याचा कुंचला करायची आणि पाटावर बसून रेघ ओढायला लागायची. ऊस, चिंचा, आवळे, झेंडू, ओला चुना, भिजलेलं पीठ. नफीसाला मावशीनं कडेची वेल काढायला दिली होती. “येल तुजी, चौक माजा,” असं दोघींत ठरलं होतं. संध्याकाळी अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं व्हायची, आणि ज्यांनी कधी चित्राकडं मान वळवून पाहिलं नसेल अशी माणसं अक्षता टाकता टाकता भिंतीकडं बघत राहायची.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाचं एक लग्न मात्र मला नको असलं तरी आठवतं. बँकेतल्या साहेबांची मुलगी नुकतीच आमच्या वर्गात आली होती. गोरी, इस्त्रीचा फ्रॉक, बोलणं पुस्तकासारखं. तिची मैत्रीण व्हायचं म्हणून मी महिनाभर तिचं दप्तर उचललं होतं. तीही दालनात आली. मावशी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून भिंतीपुढं बसली होती, हात कोपरापर्यंत पिठात, तोंडानं गाणं. त्या मुलीनं नाक जरा मुरडलं आणि मला विचारलं, “ही तुझी कोण?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “पाड्यावरची आहे.”

मावशी हातभर अंतरावर होती. तिचा हात थांबला नाही. गाणंही थांबलं नाही. ती नवरीची माणसं गात होती, तुळशीची आई कोण, तुळशीचा मामा कोण, आणि मग करवलीवर आली. करवली म्हणजे नवरीच्या पाठीशी उभी राहणारी बहीण. मावशीनं करवली म्हणून माझं नाव घेतलं. एकदा नाही, दोनदा. मागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त माझं नाव घेतलं आणि पुढची रेघ ओढली.

ती मला कधीच काही बोलली नाही. मीही तिची माफी मागितली नाही. ते राहून गेलं. मी शिकले, अंगणवाडीत नोकरीला लागले. मिठागरं एकेक करून भरावाखाली गेली. बाबा गेले, सर गेले, मावशी गेली. त्याआधी ती दर वर्षी मला जवळ बसवायची, “रेघ तरी शिक गो बाय,” म्हणायची. मी रेघ शिकले. गाणं अर्धमुर्धंच शिकले, कारण लाज वाटायची, आणि लाज गेली तोवर शिकवणारी गेली.

सर गेल्यावर किल्ली माझ्याकडं आली. रविवार नफीसा आणि मी वाटून घेतले. मुलं आता मोबाइल बघून कार्टून काढतात. काढू देत, आम्ही त्यांना गेरू आणि कोळसा देतो, मग कार्टूनलासुद्धा आमच्या मातीचा रंग येतो. श्रावणातलं प्रदर्शनही चालू राहिलं. बाबांचा खिळा, त्याखालचा सरांच्या अक्षरातला कागद, सगळं जागच्या जागी होतं. कार्तिकातला चौक आम्ही एकही वर्ष चुकवला नाही. पूर आला त्या वर्षी नाही, रोगराईत सगळं बंद होतं त्या वर्षीही नाही. तेव्हा नफीसा, मी आणि कुंडीतली नवरी, अशा तिघीच होतो.

आणि यंदा किल्ली परत मागितली. रंगकाम आहे म्हणाले. तुळशीच्या लग्नादिवशी दाराला नवं कुलूप होतं. नफीसा पायरीवर बसली, कुंडी मांडीवर घेऊन. मला म्हणाली, “बाय, हिचं लग्न माझ्या अंगणात लावू. पण चौक?” चौक कुठल्याही भिंतीवर काढता आला असता. पण मावशीचा देव त्या खाऱ्या भिंतीवर इतकी वर्षं बसलेला, त्याला दुसरीकडं हलवायचं तर मग अधिकाऱ्यांचं आणि आमचं एकच झालं. मी खिडकीतून आत डोकावले. बाबांचा खांब गुळगुळीत रंगवला होता. खिळा उपटला होता. त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून आहे. दुसऱ्या दिवशी मी त्या केबिनमध्ये गेले ते त्या रागानंच.

पहिल्या लग्नाची पाटी आठवड्याभरातच लागली. मुंबईकडचं वऱ्हाड, हळद सकाळी. नफीसा आणि मी सात वाजता पोचलो. मी मावशीचं हिरवं लुगडं नेसले होते. हातात गेरूची वाटी, पिठाचं भांडं, पिशवीत शिंदीच्या काड्या. दारात हॉलचा व्यवस्थापक उभा होता.

“तुम्ही कुणाकडून?”

“मुलीकडून,” मी म्हटलं आणि आत गेले. मावशी सांगायची, मांडव दिसला की आत जायाचा, धवलारनीला कोन नाय म्हनत नाय.

आतला जुना वास गेला होता. नवा रंग, नवे पडदे, प्लास्टिकची फुलं. पण मधली भिंत बघितली आणि मला हसू फुटलं. रंग लावून महिना झाला नव्हता आणि त्यावर हाताएवढे फुगे आले होते. मिठाच्या गोदामाला प्लास्टिकचा रंग फासणारा माणूस इथला नसणारच. मी एका फुग्यावर तळवा टेकवला. रंगाचा अख्खा पापुद्रा पापडासारखा माझ्या हातात आला. खाली आमचा गेल्या वर्षीचा चुना होता, ओलसर, थंड, आणि त्यात गेरूचा फिकट चौकोन.

“अहो, भिंतीला हात लावू नका,” व्यवस्थापक धावत आला. “साहेबांची सक्त ताकीद आहे.”

“साहेबांना बोलवा,” नफीसा म्हणाली. तिनं तोवर दुसरा पापुद्रा काढला होता.

गलका ऐकून नवरीची आई आली. अंगावर पिवळी साडी, कपाळावर आठ्या. “आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं हो,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की इथं लग्न असलं की या भिंतीवर चौक निघतो, आणि माझ्या मावशीच्या काळापासून एकही वर्ष रिकामं गेलेलं नाही. तुमची मुलगी या वर्षाची पहिली नवरी आहे. नको म्हणालात तर मी जाईन, पण हे तुम्ही सांगायचं. साहेबांनी नाही.

मागून नवरी आली, हळदीआधीच्या साध्या ड्रेसमध्ये, केस मोकळे. तिनं भिंतीवरचा तो फिकट चौकोन पाहिला, बोटानं शिवला, आणि का कोण जाणे, बोट जिभेला लावलं. “खारट आहे,” ती म्हणाली. मग आईला म्हणाली, “काढू दे ना, आई.”

मी पाट मागून घेतला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. काडीचं टोक चावलं. चुन्यावर गेरू फिरवला आणि पिठाची पहिली रेघ ओढली. माझा आवाज मावशीचा नाही, चिरका आहे, आणि ओळी मधेच विसरते. विसरले तिथं मी नुसतं हुंकारत राहिले. हळूहळू खुर्च्या मांडणारे थांबले. आचारी बाहेर आले. कुणीतरी बोलावलेले मुख्याधिकारी दारात येऊन उभे राहिले होते, हे मला नफीसानं वेल काढता काढता कोपरानं ढोसून सांगितलं. मी वळून पाहिलं नाही.

आई कोण, नवरीनं सांगितलं. मामा कोण, तेही सांगितलं. करवली कोण, मी गाण्यातच विचारलं.

“मला बहीण नाहीये,” नवरी म्हणाली.

करवलीची जागा रिकामी ठेवत नाहीत. मी काडी पिठात बुडवली आणि नाव घेतलं. करवली हिरूबाय गो, करवली हिरूबाय. दोनदा घेतलं, आणि रेघ पुढं नेली.

नवरीची आई माझ्या खांद्यामागून वाकली. “हिरूबाय? आमच्यात कुणी नाही या नावाचं. ही तुमची कोण?”

मी काडी खाली ठेवली. दारापर्यंत, पार दाराबाहेरच्या सोनेरी पाटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “माझी मावशी.”